मोडीचे कागद आणि गॅसचं बटण

या महिन्यात दोन पत्रं घेतली आहेत. पहिलं बरंच लांब होतं, पत्रलेखिकेला विचारून थोडं कमी केलं. दुसरं पोस्टकार्डावर मावेल एवढंच आहे. दोन्हींतली नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ४९. फलटण तालुक्यात राहते. मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानाची बिलं, जीएसटी, उधारीची वही मी सांभाळते. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकलेत. सासूबाई ८२ वर्षांच्या. त्यांना विस्मरण झालंय. दिवसभर बऱ्या असतात, पण दिवेलागणीला उठून दाराशी जातात आणि म्हणतात, "मला घरी जायचंय." मुलगी पुण्यात नोकरीला. मुलगा बारावीला आहे, नीटची तयारी चालू आहे. घरात मला कुणी वाईट वागवत नाही, हे आधीच लिहिते, नाहीतर तुमचा तसा समज व्हायचा.

माझा त्रास वेगळा आहे. मला सतत भीती वाटते. रात्री गॅसचं बटण तीन-तीनदा बघून येते. अंथरुणावर पडले की परत उठते. मोबाइल उशाखाली असतो. मिस्टर आंघोळीला जरा जास्त वेळ लागला की दाराशी जाऊन "अहो" म्हणून हाक मारते. भाजी आणायला गेले तरी अर्ध्या वाटेत वाटतं, आत्ता घरी काहीतरी झालं असणार. गेल्या वर्षभरात मी लग्नकार्यं सोडून कुठेही गेलेली नाही, आणि तिथूनही जेवणाच्या पहिल्या पंगतीला उठून परत आले.

आता खरी गोष्ट. माझे आजोबा, आईचे वडील, वाईला असत. ते मोडी वाचत. लोक जमिनीचे जुने कागद घेऊन यायचे. कॉलेजात असताना दोन उन्हाळे त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. आधी पानभर आडव्या रेघा आखायच्या, मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जायची, हात उचलायचा नाही. इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस हे जुन्या कागदांतल्या सालांचे अरबी आकडे ते माझ्याकडून पाढ्यांसारखं घोकून घ्यायचे. पानिपतचं साल कागदात 'इहिदे सितैन मया व अलफ' असं येतं, म्हणजे ११६१, त्यात ६०० मिळव, की झाले १७६१, हे त्यांनी शिकवलेलं अजून पाठ आहे. लग्न झालं आणि ते सगळं संपलं. आजोबा गेल्यावर त्यांच्या कागदांची एक ट्रंक माझ्याकडे आली, ती माळ्यावर आहे.

२०२३ च्या दिवाळीच्या सुमारास कुणबी नोंदी शोधायचं काम जोरात होतं, तेव्हा शेजारचे भाऊजी कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या, पानाची झेरॉक्स घेऊन आले. "वहिनी, तुम्हाला येतं ना?" म्हणाले. मी पहिली ओळ वाचली. मुलीचा जन्म, बापाचं नाव, गाव. दुसऱ्या ओळीत एका जोडाक्षरावर अडले. अर्धा तास त्याच्याशी झटत बसले. कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत. सासूबाई दोनदा काहीतरी बोलल्या, तेही नाही. अक्षर सुटलं तेव्हा मी एकटीच हसले. त्या अर्ध्या तासात मला भीती वाटली नव्हती, हे रात्री लक्षात आलं.

त्यानंतर मी ट्रंक उघडलेली नाही. साताऱ्याला मोडीचा वर्ग निघाल्याचं कळलं होतं, पण तेवढे दिवस रोज जाऊन-येऊन करायचं म्हणजे घर वाऱ्यावर सोडायचं. या वयात, असं घर असताना हे डोक्यात येणं स्वार्थीपणाचं आहे का? आणि आधी भीती घालवू की आधी बाहेर पडू?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तेवढाच सोपा आहे. आधी बाहेर पडा. भीती बरोबर येईल, येऊ द्या. ती गेल्यावर निघू असं ठरवलंत, तर मुलगा डॉक्टर होऊन परत येईल तरी तुम्ही उंबऱ्यातच असाल.

मी नोकरीभर सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. माझं काम रुग्णांशी कमी आणि वॉर्डाबाहेर बसलेल्यांशी जास्त. पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या, चहाला चला म्हटलं तरी न उठणाऱ्या बाया मी खूप पाहिल्या. "मी उठले आणि आत काही झालं तर?" हे वाक्य प्रत्येकीचं. एक गोष्ट त्यांनाही सांगायचे आणि तुम्हालाही सांगते, जरा कडक वाटेल. तुम्ही घरात असण्याने तुमच्या मिस्टरांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या राहत नाहीत. त्या गोळ्यांनी, चालण्याने आणि तंबाखू-तेलकट टाळल्याने राहतात. न्हाणीघराच्या दाराशी उभं राहण्याला वैद्यकशास्त्रात कुठलीही जागा नाही.

गॅसच्या बटणाचंही तसंच. आपण बघून येतो, बंद दिसतं, जिवाला बरं वाटतं. ते बरं वाटणंच पुढच्या वेळी परत उठवतं. मनाला वाटायला लागतं, बघून आले म्हणून घर वाचलं. म्हणून रात्री एकदाच जायचं, बटणावर हात ठेवायचा, "बंद आहे" असं मोठ्याने म्हणायचं, रेग्युलेटर बंद करायचा आणि यायचं. दुसऱ्यांदा उठावंसं वाटेल. पडून राहायचं. पहिले काही दिवस फार जड जातात, छाती धडधडते. मग ती लाट ओसरायला लागते, कारण न उठताही सकाळ होते हे शरीराला कळतं. पण हे बघणं, तपासणं सगळं मिळून दिवसातला तासभर खात असेल, किंवा झोप पार गेली असेल, तर हा स्वभावाचा भाग म्हणून सोडून देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात सोय असते. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आणि ४९ व्या वर्षी पाळीचं चक्र बदलत असतं, धडधड आणि झोपमोड त्यानेही होते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. सगळंच मनावर ढकलायची आपल्याकडे फार खोड आहे.

तुमच्या भीतीतला जो भाग खरा आहे, त्याचा एकदा बंदोबस्त करून टाकू. मिस्टरांना आणि मुलाला समोर बसवा. छातीत दुखलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, दरदरून घाम फुटला, तर "ॲसिडिटी असेल" म्हणत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हृदयाच्या डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. चालू गोळ्यांची यादी आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवा. हे सगळं एवढ्या वर्षांत एकट्या तुमच्या डोक्यात साठलंय म्हणून तुमचा पाय घरातून निघत नाही. ते डोक्यातून कागदावर आलं की मुलगासुद्धा सांभाळू शकतो. तो उद्या डॉक्टर व्हायला निघालाय ना?

सासूबाईंचं दिवेलागणीला अस्वस्थ होणं विस्मरणाच्या आजारात नेहमीचं आहे. त्यांना "हेच तुमचं घर" म्हणून पटवत बसू नका, त्या भांडतील आणि तुम्ही दमाल. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. दुपारची झोप कमी करा, चारच्या सुमाराला अंगणात फिरवा. "घरी कोण कोण आहे तुमच्या?" असं विचारलंत की बऱ्याचदा त्या बोलण्यात रमतात. अचानक एक-दोन दिवसांत गोंधळ वाढला तर लघवीची तपासणी करून घ्या. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या जंतुसंसर्गानेही असं होतं, आणि औषधाने उतरतं. त्यांच्या पोलक्याच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. म्हणजे संध्याकाळ घरची. तुमची वेळ सकाळची. त्या दिवसभर बऱ्या असतात हे तुम्हीच लिहिलंय, आणि मला वाटतं, लिहिताना ते तुमच्या लक्षात आलं नाही.

आता मोडी. पत्रात तुम्ही दहा ओळी आजारपणाच्या लिहिल्या आहेत आणि वीस ओळी मोडीच्या, आणि त्या वीस ओळींचं अक्षर वेगळं आहे. मोठं आहे, टपोरं आहे. मी पत्रं हाताने लिहा असा आग्रह धरते तो यासाठीच.

स्वार्थी आहे का म्हणून विचारलंत. असू दे ना थोडं. तुम्ही त्या घराच्या हिशेबनीस आहात, शुश्रूषा करणाऱ्या आहात, स्वैपाक तुमच्याकडे, मुलाच्या परीक्षेची काळजी तुमच्याकडे. या प्रत्येक कामात कुणीतरी तुमची वाट बघत असतं. त्या झेरॉक्सच्या कागदाला तुमची काही गरज नव्हती. त्यावरची मुलगी शंभर वर्षांपूर्वी जन्मली, तुम्ही वाचा नाहीतर नका वाचू. आणि नेमकं तिथे तुम्ही अर्धा तास स्वतःशी होतात. त्याचा घराला काय फायदा, मुलांवर काय संस्कार, अशी कारणं जोडून त्याला सभ्य करायची गरज नाही. ते तुमचं आहे एवढं कारण पुरे.

रमाबाई रानड्यांचं उदाहरण देऊन तुम्हाला उभारी द्यावी असं कुणी सुचवेल. मी देणार नाही. घरातल्या बायकांची बोलणी खाऊन त्या शिकल्या, खरं आहे, पण शिकवायला आणि पाठीशी उभे राहायला न्यायमूर्ती घरात होते. तुम्हाला मिस्टरांकडून एवढंच हवंय की आठवड्यातल्या एका सकाळी दोन तास ते घरात थांबतील. दुकानाच्या सुट्टीचा दिवस असतोच. ते विचारायला धीर लागतो, हे मान्य. पण "जाऊ का?" असं विचारू नका. "मंगळवारी अकरा ते एक मी नसेन, आईंना साडेबाराला वाढा," असं सांगा.

साताऱ्याचा वर्ग सध्या राहू दे. जो माणूस भाजीबाजारातून अर्ध्या वाटेने परत येतो, त्याने रोज साताऱ्याची एसटी धरायची म्हणजे पहिल्याच दिवशी हरायची सोय करायची. गावातल्या वाचनालयात जा. चालत दहा मिनिटांच्या अंतरावर एक खुर्ची, एक टेबल, एवढंच पाहिजे. पहिल्या दिवशी वीस मिनिटं बसून आलात तरी चालेल. मोबाइल पिशवीत ठेवा, चालू ठेवा, पण घरी फोन करायचा नाही. त्यांनी केला तर घ्यायचा. वीस मिनिटांची चाळीस करा, चाळीसचा तास. दोन तासांना पोचायला पावसाळा उलटला तरी घाई नाही. वाचनालय माणसाळलं की मग वर्ग.

माळ्यावरची ट्रंक मात्र या आठवड्यातच काढा. मला मोडी येत नाही, पण जुन्या कागदांशी संबंध असलेल्या एका स्नेह्यांना तुमचं पत्र नाव झाकून दाखवलं. त्यांनी तुमच्यासाठी चार गोष्टी सांगितल्या आणि त्या सांगताना ते इतके रंगात आले की चहा गार झाला. कागद उघडताना घडीवर जोर देऊ नका, तिथेच तुटतात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावायची नाही, तिचा गोंद वर्षांनी पिवळा पडतो आणि अक्षरांसकट कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबात नाही, त्यात घातलेला कागद परत मोकळा होत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल धरते. धुतलेल्या सुती कापडात बांधा. पेशवे दफ्तरातले कागद असेच कापडात बांधून ठेवलेले असतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. वाचायसाठी मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ कागद परत बांधून टाका. फोटो बोटांनी मोठा करून वाचता येतो, ही सोय तुमच्या आजोबांना नव्हती.

सुरुवात पेशवाईच्या कागदाने करू नका, असंही ते म्हणाले. त्यात वळण लपेटीचं, शब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्ह शोधून सापडत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आणि साल-महिने ते तुमचे इहिदे-इसन्नेवाले. इतक्या वर्षांच्या खंडानंतर एकदम तिथे गेलात तर वाटेल, गेलं सगळं. त्यापेक्षा इंग्रजी अमदानीतली कोतवाल बुकं घ्या. रकाने ठरलेले, नाव, बापाचं नाव, जात, तारीख. एका पानावर तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एका ओळीत अडलेलं अक्षर खालच्या ओळीत सुटतं. वाचण्याइतकंच लिहा. वहीत रेघ आखा आणि बाराखडी गिरवा, हाताला आठवलं की डोळ्याला आठवतं. बोरू नसेल तर कट निबचं पेन चालतं. आणि एकट्याने अडून बसू नका. मोडी वाचणाऱ्यांत एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने उतरवून घ्यायचं अशी जुनी रीत आहे. जिल्ह्यात तुमच्यासारखे कुणी ना कुणी आहेत, त्यांचे व्हॉट्सॲपवर गट आहेत, अडलेल्या अक्षराचा फोटो टाकला की तासाभरात पाच जण भांडायला हजर होतात. अक्षरावरून भांडणाऱ्या लोकांची संगत तुम्हाला फार मानवेल असं मला वाटतं.

दोन धोके सांगून ठेवते. तुम्हाला मोडी येतं हे गावात कळलं की कागद यायला लागतील. भाऊजी, भाऊजींचे मेहुणे, मेहुण्यांचे साडू. "वहिनी, जरा एवढं बघून द्या." बघता बघता हेही घरकाम होईल. पहिलं वर्षभर "अजून शिकतेय" म्हणून हात जोडा. आणि ज्या वाचनावर कुणाचा दाखला किंवा जमीन अवलंबून आहे, त्याच्यावर सही करू नका. ते अधिकृत जाणकाराचं काम. दुसरा धोका जरा नाजूक आहे. जुनं वाचून दाखवलं की सासूबाईंना बरं वाटेल, त्यांना त्यातलं आठवेल, असं तुमच्या मनात येईल. कदाचित खरंही असेल. पण निदान सध्या ते करू नका. जे जे तुमच्या हाताशी येतं ते तुम्ही कुणाच्या तरी सेवेला लावून टाकता, ही तुमची जुनी सवय पत्राच्या ओळीओळीत दिसते.

तुम्ही अडलात ते जोडाक्षर कुठलं होतं, हे लिहायचं राहिलं. आमचे स्नेही दोनदा विचारून गेले. कळवा.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय ४४. माझी बायको गेल्या वर्षापासून एका ग्रुपबरोबर दर रविवारी पहाटे सायकलवर पन्हाळ्याला जाते. आधी घराबाहेर पडायला नको म्हणायची, आता रविवार चुकवत नाही. मुलगी सहावीत आहे. हमरस्त्यावरच्या गाड्या बघून मला धास्ती वाटते, शिवाय रविवारी घरात काही घडी राहत नाही. तिला थांबायला सांगावं का?

— कोल्हापूर

उत्तर : नाही.

धास्ती निम्मी रास्त आहे. त्या निम्मीसाठी हेल्मेट, सायकलला मागे लुकलुकणारा लाल दिवा, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, उजाडल्यावरच निघणं आणि घाट उतरताना दोन्ही ब्रेक वापरणं, एवढं पुरतं. यातलं काय तिच्याकडे नाही ते बघून या वाढदिवसाला घेऊन द्या. साडी नको.

उरलेली निम्मी घडीची आहे. वीस-बावीस किलोमीटर जायचं, शेवटी चढ, तेवढंच परत यायचं, म्हणजे ती दहापर्यंत येते. सहावीतली मुलगी आणि ४४ वर्षांचा बाप मिळून दहापर्यंत पोहे करू शकतात. कांदा बारीक चिरा, पोहे चाळणीत भिजवा, भांड्यात नाही, गोळा होतो. ती आल्यावर तिला वाढा, आणि कुठला चढ अवघड गेला ते विचारा. तुमच्या पत्रात तिला पन्हाळ्याला गेल्यावर काय वाटतं, यावर एक ओळही नाही. तुम्ही अजून विचारलेलं नसावं.